गावातलाच मकबरा प्रथमच आतून पाहायचा आहे: काय पाहावे, कसे पाहावे?

छावणीकर (प्रश्न)

माझा जन्म आणि पदवीपर्यंतचे शिक्षण छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे आमच्या वेळच्या औरंगाबादचे. विद्यापीठात जाता-येता बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि मिनार झाडांच्या वर दिसत असत, परंतु त्याच्या दरवाजातून आत पाऊल टाकण्याचा योग मात्र कधी आला नाही. शाळेच्या सहली वेरूळ, अजिंठा आणि दौलताबादला जात. मकबरा "आपलाच तर आहे, केव्हाही पाहू" म्हणून मागे पडला तो पडलाच, आणि पाहुणे आले की त्यांना तिकडे घेऊन जाण्याचे काम थोरल्या भावाकडे असे. लग्नानंतर मी पुण्याला आले, पुढे सुट्टीत आग्र्याचा ताजमहालही पाहून झाला, आणि आता माझी नववीतली मुलगी विचारते की, तुझ्या गावचा ताज आतून कसा आहे, तर मला त्याविषयी एक वाक्यही धड सांगता येत नाही.

दिवाळीनंतर माहेरी जाणार आहे. सोबत मुलगी असेल, आणि वडीलही येऊ म्हणतात. त्यांचे वय झाले आहे आणि गुडघ्यांचा त्रास आहे. ताज आधी पाहिलेला असल्यामुळे सारा वेळ तुलनेतच जाईल आणि मुलीच्या मनात "ही नक्कल आहे" एवढेच ठसेल, अशी मला धास्ती वाटते. तरी जाणकारांनी कृपया सांगावे की आत गेल्यावर नेमके काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे. शिवाय एक शंका आहे. औरंगजेबाचा मुलगा शहजादा आझमशाह याने आईच्या स्मरणार्थ १६५१ ते १६६१ या काळात मकबरा बांधला असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. ही माहिती मुलीला तशीच सांगावी का?

चुनेगच्ची

वास्तुरचना हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

तुलना टाळू नका, फक्त ती घाईने करू नका, असे मी सुचवेन. दक्षिणेकडच्या मुख्य दरवाजाशी पोहोचलात की बहुतेक मंडळी समोरच्या घुमटाकडे पाहत तशीच पुढे निघून जातात. तुम्ही मात्र आधी दरवाजाच पाहा. लाकडी दारावर पितळी पत्रा मढवलेला आहे आणि त्यावर वेलबुट्टीचे नाजूक काम आहे. याच दारावरच्या लेखात अताउल्ला हा स्थपती आणि हंसपत राय हा अभियंता, अशी दोन नावे येतात. मुघल काळातल्या किती इमारतींवर बांधणाऱ्यांची नावे वाचायला मिळतात, याचा विचार केला म्हणजे या दाराचे महत्त्व लक्षात येईल. हा अताउल्ला उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा, आणि ताजमहालाच्या आराखड्याचे श्रेय ज्यांना दिले जाते तेच हे लाहोरी. म्हणजे बापाने सासूची कबर बांधली आणि मुलाने सुनेची, कारण मुमताजमहल ही औरंगजेबाची आई आणि इथे दफन झालेली दिलरस बानू बेगम ही त्याची पत्नी. मुलीला "नक्कल" या शब्दाऐवजी हे नाते आधी सांगितलेत तर तिच्या मनात निराळे प्रश्न उभे राहतील.

दुसरी गोष्ट जागेची. ताजमहाल हा बागेच्या शेवटच्या टोकाला, यमुनेच्या काठावर उभा आहे, तर मकबरा चारबागेच्या, म्हणजे चार भागांत विभागलेल्या बागेच्या, मधोमध आहे. ही मांडणी दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीची, म्हणजे ताजच्याही आधीची. अताउल्लाने वडिलांच्या इमारतीचा चेहरा घेतला, पण तो बसवला आजोबा-पणजोबांच्या काळातल्या बागेत. भोवतालचे आवार दक्षिणोत्तर सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तिन्ही बाजूंच्या तटभिंतींच्या मध्यावर खांबांचे मंडप आहेत. फारसे कोणी तिकडे फिरकत नाही. इमारतीला पूर्ण वळसा घालून उत्तरेच्या मंडपापाशी जा आणि तिथून मागे वळून पाहा. बाग चहूबाजूंनी इमारतीला कशी धरून आहे हे तिथून जसे कळते तसे समोरच्या कारंज्यांच्या रांगेत उभे राहून कळत नाही, आणि छायाचित्रे तर सगळी तिथूनच काढलेली असतात.

मग इमारतीच्या जवळ जा आणि संगमरवर कुठे संपतो ते शोधा. हा खेळ नववीतल्या मुलीला नक्की आवडेल. चौथऱ्यावर उभे राहिले की भिंतीचा खालचा पट्टा, साधारण कमरेच्या-छातीच्या उंचीपर्यंतचा, संगमरवरी आहे. त्याच्या वर थेट घुमटाच्या बैठकीपर्यंत आपल्याच दख्खनचा काळा बेसाल्ट दगड आहे आणि त्यावर चुन्याचा गिलावा चढवलेला आहे. घुमट पुन्हा संगमरवराचा. दुपारच्या उन्हात पाहिलेत तर तीन पांढरे रंग वेगवेगळे ओळखू येतात. संगमरवराचा पांढरा किंचित निळसर आणि थंड भासतो, गिलाव्याचा पांढरा पिवळसर, आणि जिथे पावसाने ओघळ धरले आहेत तिथला राखाडी.

या इमारतीचा जीव त्या गिलाव्यात आहे, असे माझे मत आहे, आणि ते सर्वांना पटत नाही हेही मला ठाऊक आहे. भिजवून मुरवलेला चुना पातळ थरांनी चढवायचा, घोटून घोटून त्याला दगडासारखी झिलई आणायची आणि तो ओला असतानाच त्यावर पानाफुलांची नक्षी उठवायची, हे काम संगमरवर कोरण्याहून सोपे आहे असे समजू नये. दगडावर कारागीर सावकाश काम करू शकतो, चुना मात्र सुकण्याआधी हात उरकावा लागतो. कमानींच्या वरच्या त्रिकोणी भागांत आणि छताखालच्या कोनाड्यांत ही नक्षी अजून चांगली टिकली आहे, कारण तिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही. कृपया मुलीला भिंतीला हात लावू देऊ नका, लाखो हातांचा घाम त्या चुन्याला आधीच पुरेसा लागलेला आहे.

शेवटी कबर. ताजमध्ये आपल्याला दिसतात त्या वरच्या दर्शनी कबरी, खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. इथे चौथऱ्यावरून आत गेलात की समोर कबर नसतेच. सज्जासारख्या कठड्यावरून खाली वाकून पाहावे लागते, आणि खाली अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत खरी कबर दिसते. लोक वरून नाणी टाकतात, ते तेवढे करू नका.

रोखठोक वाचक

चुनेगच्ची यांनी लिहिलेल्या तपशिलांविषयी माझी तक्रार नाही, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. घरच्या माणसाची बाजू घेतल्यासारखे आपण मकबऱ्याची बाजू घेत राहतो, आणि त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला जे डोळ्यांना सरळ दिसते ते बोलण्याचा संकोच वाटू लागतो. दिसते ते असे की मुख्य इमारतीच्या मानाने चारही मिनार जाड आहेत आणि तिच्या फार जवळ उभे आहेत. ताजमध्ये घुमट आणि मिनार यांच्यामध्ये जे मोकळे आकाश मिळते ते इथे मिळत नाही, म्हणून संपूर्ण रचना वर ओढल्यासारखी, अंग चोरून उभी असल्यासारखी वाटते. हे केवळ खर्च कमी असल्यामुळे झाले असे म्हणता येणार नाही. प्रमाण साधायला संगमरवर लागत नाही.

खर्चाचा आकडा मात्र सांगण्याजोगा आहे. मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे खर्च आला, अशी परंपरेने चालत आलेली नोंद आहे, आणि ताजच्या बाबतीत सव्वातीन कोटींच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. वरचे सात आणेही कोणीतरी जपून लिहून ठेवले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. एवढ्या कमी पैशांत हे उभे राहिले ही निश्चितच मोठी गोष्ट आहे, परंतु स्वस्तात झाले म्हणून ते सुंदर ठरत नाही. तुमच्या मुलीला तिचे मत स्वतः बनवू द्या. तिला ते आवडले नाही तर तेही योग्यच.

गिलाव्याच्या अवस्थेबद्दलही मनाची तयारी ठेवून जावे. डागडुजी वेळोवेळी होत असते, तरी काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले आणि नक्षी झिजलेली दिसेल.

जुनी बखर

तुमच्या शंकेपुरते लिहितो. "आझमशाहाने १६५१ ते १६६१ या काळात आईच्या स्मरणार्थ बांधला" हे वाक्य पुस्तिकांपासून संकेतस्थळांपर्यंत सर्वत्र आढळते, परंतु ते मुलीला तसेच सांगू नका. नववीतली मुलगी ते स्वतः खोडून काढू शकेल. दिलरस बानू बेगमेचा मृत्यू ऑक्टोबर १६५७ मध्ये झाला, म्हणजे १६५१ मध्ये ती हयात होती आणि तिच्या स्मरणार्थ काही बांधण्याचे कारणच नव्हते. आझमशाहाचा जन्म १६५३ चा, म्हणजे कथित प्रारंभाच्या वेळी तो जन्मलाही नव्हता आणि आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता.

घटनाक्रम जुळवून पाहिला तर काम औरंगजेबाच्याच आज्ञेने सुरू झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला, ऑक्टोबरमध्ये दिलरस वारली आणि फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब गादीच्या लढाईसाठी औरंगाबादहून उत्तरेकडे निघाला. त्या धामधुमीत एवढे बांधकाम काढणे शक्य दिसत नाही. गादी मिळून स्थिरस्थावर झाल्यावर, म्हणजे १६६० च्या सुमारास, ते हाती घेतले गेले असे मानले की सर्व दुवे नीट बसतात. आझमशाहाचे नाव बहुधा नंतरच्या देखभालीमुळे किंवा दुरुस्तीमुळे चिकटले असावे. ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्याचे सांगितले जाते, त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. हा दगड जयपूरकडच्या खाणींतून आला. वडिलांना हा प्रसंग सांगा, जुन्या माणसांना बैलगाड्यांचा हिशेब लगेच कळतो.

आणखी एक धागा आहे, आणि तो मराठी वाचकाने विसरू नये असा आहे. दिलरस बाळंतपणानंतरच्या आजारात गेली. सप्टेंबर १६५७ मध्ये जन्मलेले ते मूल म्हणजे शहजादा अकबर. हाच अकबर पुढे बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, काही वर्षे कोकणात राहिला आणि अखेर समुद्रमार्गे इराणला निघून गेला. नववीच्या मुलीला मुघल आणि मराठे हे इतिहासाचे दोन वेगळे धडे वाटतात. त्या कठड्यावरून खाली पाहताना हे तिला सांगितलेत तर दोन्ही धडे एकाच घरात येऊन मिळतात.

जमल्यास खुलताबादलाही जाऊन या. वेरूळच्या वाटेवरच आहे. तिथे औरंगजेबाची स्वतःची कबर झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली आणि अगदी साधी आहे. पत्नीची कबर आणि पतीची कबर एकाच दिवशी पाहिल्यास जो फरक दिसतो त्यावर मी काही भाष्य करत नाही.

खामकाठ

वडिलांच्या दृष्टीने थोडे लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते तेव्हा हाच प्रश्न होता. दरवाजापासून इमारतीपर्यंतची वाट फरसबंदी आणि सपाट आहे, पण लांब आहे. चौथरा उंच असल्यामुळे पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि वर चढल्याशिवाय कबर दिसत नाही. वडिलांना पायऱ्या जमणार नसतील तर बागेत सावलीत बसून समोरचा दर्शनी भाग निवांत पाहता येईल. सकाळी लवकर जा. दिवाळीनंतर हवा चांगली असते, पण दुपारची फरशी तेव्हाही तापते आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही वाढते. वेळ आणि तिकिटाचे दर निघण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

त्याच सकाळी पाणचक्की करता येते, ती जवळच आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर तिथले जाते फिरत असे आणि फकीर व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जात असे. तिथे चढ-उतार नाही, हौदाकाठी मोठे झाड आहे, वडिलांना ते मकबऱ्यापेक्षा अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे.

मुलीला मात्र उत्तरेच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी दाखवा. मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटर असतील. लेणी बौद्ध आहेत, मकबऱ्याहून हजारेक वर्षे जुनी आणि वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने शांत. पायऱ्या बऱ्याच असल्यामुळे वडिलांना गाडीपाशीच थांबावे लागेल. वरून खाली शहराकडे पाहिले की मकबरा आवारासह दिसतो, आणि वर चुनेगच्ची यांनी चारबागेविषयी जे सांगितले आहे ते नकाशा उघडून ठेवल्यासारखे समोर येते.

छावणीकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही जाऊन आलो, म्हणून थोडे कळवते.

मुलीने संगमरवर आणि गिलाव्याची सीमारेषा चौथऱ्यावर चहूबाजूंनी फिरून शोधली आणि तिचे मत रोखठोक यांच्याच बाजूचे निघाले. मिनार जवळ आहेत, असे ती कोणी न सांगता म्हणाली. मी तिला इथली चर्चा आधी वाचायला दिली नव्हती. मला स्वतःला मात्र मिनारांपेक्षा वाटेच्या दुतर्फा असलेल्या जाळीच्या भिंतींनी अधिक थांबवले. त्यांचा उल्लेख इथे कोणी केला नव्हता. ताजच्या बागेत दोन्ही बाजूंना मोकळी हिरवळ दिसत राहते, इथे या जाळ्यांमुळे नजर इकडेतिकडे न जाता सरळ इमारतीवर जाते, आणि चालता चालता जाळीच्या भोकांतून बाग तुकड्यातुकड्यांनी दिसते. मिनारांच्या जवळिकीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, पण या वाटेवरून चालत आल्यावर ती जवळीक मला खटकली नाही. दूरच्या छायाचित्रात ती खटकत असे.

वडिलांनी पायऱ्या चढल्या नाहीत. खाली बसल्या बसल्या त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिच्याविषयी विचारायचे आहे. हैदराबादच्या निजामाला मकबरा इतका आवडला की त्याने तो दगड न् दगड उकलून हैदराबादला नेण्याचा हुकूम दिला होता, काम सुरूही झाले होते, पण काही अपशकुन झाला आणि त्याने ते थांबवून प्रायश्चित्त म्हणून पश्चिमेची मशीद बांधली, असे ते म्हणतात. यात तथ्य किती?

जुनी बखर

ही आख्यायिका शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तिच्यात निजाम सिकंदरजाहाचे नाव घेतले जाते. हुकूम दिल्याचा किंवा उकलण्यास प्रारंभ झाल्याचा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही, म्हणून ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. मशीद मूळ आराखड्यातली नसून निजामाच्या काळात नंतर जोडलेली आहे, हे मात्र खरे. तिच्या बांधकामामुळे पश्चिमेकडून आत जाण्याचा मार्ग बंद करावा लागला, म्हणूनच चौथऱ्यावरून फिरताना तुमच्या मुलीला उरलेल्या तीन बाजू सारख्या आणि पश्चिमेची तेवढी वेगळी दिसली असेल.

चुनेगच्ची

जाळीच्या भिंतींचा उल्लेख माझ्या उत्तरात यायला हवा होता, तो तुम्ही केलात हे बरे झाले. त्यांच्यामुळे ती वाट अरुंद भासते आणि शेवटी चौथरा एकदम उघडतो. पुढच्या वर्गाला शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी त्या वाटेवरूनच चालायला सांगणार आहे, आणि मिनारांचा वाद इमारतीजवळ पोहोचल्यावर काढणार आहे.